मेस्त्रींचं सरण

“हे लाकूड कोणाचं?” मी विचारलं.

“माझा.”

“जळाऊ आहे?”

“जाळूचाच.”

“स्वयंपाकाला?”

“नाय,” होडीतल्या ढिगावर ताठ बसलेला म्हातारा म्हणाला, “माका.”

त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यातली सकाळ होती, सात वाजले असतील. शेलवण्याच्या तरीवर, खाडी ओलांडायला होड्या सुटतात तिथं, नारबाची होडी पाण्यात डुलत होती. होडीत आठ मण तरी आंब्याचं लाकूड होतं, त्यावर एक पत्र्याची पेटी, पेटीशेजारी सुताराच्या हत्यारांचं गाठोडं, आणि या सगळ्यावर पुंडलिक मेस्त्री. डोक्याला पंचा, तोंडात न पेटवलेली विडी. गुडघाभर पाण्यात नारबा होडी धरून उभा होता आणि काठावर मेस्त्रींची मुलगी सुलोचना हातात चपला घेऊन उभी होती. तिचं सासर खाडीपलीकडे, रेवकोंडात. बापाला कायमचं आपल्याकडे न्यायला ती आदल्या दिवशी आली होती.

“मी आजून मरूक नाय,” माझा चेहरा बघून मेस्त्रींनी खुलासा केला. “पण मेल्यार लागतला. थंय गेल्यार कोणाच्या दारात मागत फिरतलंय?”

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, कृषी सहाय्यक म्हणून नुकताच कोकणात आलेला. मूळचा माण तालुक्यातला, जिथं झाड ही वस्तू पाहुण्यांना लांबून बोट करून दाखवतात. शेलवण्यात येऊन मी आंबा शिकत होतो, आणि शिकायला सुरुवात केली ती मेलेल्या आंब्यापासून. आंब्याच्या खोडात शिरून त्याला आतून खाणारा एक किडा असतो. तिकडे त्याला भिरूड म्हणतात. चार वर्षांत शेलवण्यातली दोनशेच्या वर झाडं त्यानं उभ्याउभ्या वाळवली होती. समोर रेवकोंडात मात्र एकाही झाडाला भोक नव्हतं. मधे अर्ध्या मैलाची खाडी. किडा अंगानं जड. एवढं पाणी ओलांडायचं तो सहसा मनावर घेत नाही. पण कुणी होडीनं नेलं तर नाही म्हणत नाही.

होडीच्या फळीवर, ढिगाच्या खाली, लाकडाचा ताजा भुसा सांडला होता. बारीक, ओलसर, नुकत्याच किसलेल्या खोबऱ्यासारखा. तोडून सहा महिने झालेल्या लाकडातून ताजा भुसा पडतो याचा अर्थ आत कुणीतरी कामावर हजर आहे.

“तात्या, हे लाकूड पलीकडे नेता येणार नाही,” मी मेस्त्रींना म्हणालो.

“कोण म्हणता?”

“सरकार.”

“तेका सांग, तू तुझा सरण बघ.”

सरकारचं म्हणणं माझ्या खिशात होतं. तालुक्याच्या कचेरीतून आलेलं परिपत्रक. त्यात ‘किडग्रस्त लाकडाची वाहतूक करण्यापासून संबंधितांना परावृत्त करावे’ असं लिहिलेलं होतं. ‘रोखावे’ नव्हतं. मी ते तीनदा वाचलं होतं. रोखायचा अधिकार मला नव्हता, मेस्त्रींना हे ठाऊक नव्हतं, आणि मी ते त्यांना सांगायला बांधील नव्हतो. मी पुढं झालो आणि होडीचा दोर जिथं वाळूत पडला होता तिथं दोन्ही पाय त्यावर ठेवून उभा राहिलो. दोरावर उभं राहू नये असंही परिपत्रकात कुठं म्हटलेलं नव्हतं.

“सायबानू, पाणी उतारताहा,” नारबा म्हणाला. “अर्ध्या तासान होडी चिखलात बसतली. मगे सांजेपर्यंत हालाची नाय.”

“मग बसू द्या.”

सुलोचना माझ्याजवळ आली. तिशीची असेल. आवाज खाली, पण प्रत्येक शब्द धार लावून आणलेला.

“सायब, सा म्हयने मी मागे लागलंय, तेवा बाबा हो म्हणाले. त्या घराचे वासे बघितलास? पयल्या पावसात खाली येतले. लाकूड इला तरच मी येतंय, असा सांगितल्यानी. आता तुमी लाकूड काडलास तर बाबाय उतारतले. मगे पावसात घर तुमी धरून ऱ्हवतालास?”

यावर परिपत्रकात काही नव्हतं.

“पण एवढं काय त्या लाकडाचं?” मी विचारलं.

उत्तर नारबानं दिलं. तरीवाल्या माणसाला काठावरच्या बातम्या फुकट मिळतात, म्हणून तो त्या फुकट वाटतो. “परड्यातलो रायवळ आंबो. तो वाळलो नि पाटोपाट काकी, मेस्त्रीची बायल, गेली. अर्ध्या झाडार तिका पोचवल्यानी, अर्धा आपणाक ठेवल्यानी. त्या दिवशी तासभर लाकडा निवडीत होते. काकी थंय वाळूत आनि मेस्त्री थंय ढिगात. लोक म्हणाले, मेस्त्री आपला बरा बघता...”

“नारबानू, तुमी होडी बघा,” सुलोचना म्हणाली. नारबानं होडी बघितली.

मी पाण्यात उतरून लाकडाच्या ढिगाशी वाकलो आणि बुंध्याच्या एका जाड ओंडक्याला कान लावला. कोकणात येऊन मी हे शिकलो होतो. आधी काही नाही. मग सुरू झालं. कुरुम, कुरुम. जरा थांबून पुन्हा कुरुम. शेजारच्या खोलीत कुणीतरी आपल्याला न विचारता चिवडा खात असावं तसं.

“तुम्ही ऐका,” मी सुलोचनाला म्हणालो.

तिनं आधी बापाकडे बघितलं. मग चपला वाळूत ठेवल्या आणि कान लावला. तिच्या कपाळाला आठी पडली आणि मग ती आठी हळूहळू विरली. माणसाला राग आलेला असतानाही कुतूहल आवरत नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. तिनं दुसऱ्या ओंडक्याला कान लावला, मग तिसऱ्याला. नारबालाही राहवेना. होडी एका हातानं धरून त्यानं दुसऱ्या बाजूनं डोकं टेकवलं.

“आरे देवा! मेस्त्रीनू, रेडिओ लागलो मा आत!”

“लाकूड सुकताना बोलता,” मेस्त्री समोरच्या काठाकडे बघत म्हणाले.

“बोलता खरा. पण ह्या जेवता!”

“नारबा, तू मासे मार. लाकडातला तुका काय कळता?”

“तात्या, तुम्ही ऐका ना एकदा,” मी म्हणालो.

“माझे कान बरे आसत. तुझ्या वयाचो होतंय तेवा देवळाचे खांब वाजवन घेतलंय मी. माका शिकवतंस?”

पण ऐकायला ते खाली वाकले नाहीत. शेलवण्यातल्या निम्म्या घरांची दारं या माणसानं घडवली होती. घर बांधणारे लाकूड घ्यायच्या आधी यांना पुढं घालून नेत. हे बोटाच्या पेरानं टकटक करत आणि ‘घे’ किंवा ‘टाक’ एवढंच म्हणत. असा माणूस समोर चाललेला आवाज ऐकायला वाकत नाही, याचं मला नवल वाटलं. पण मी सव्वीस वर्षांचा होतो. म्हातारा हट्टी आहे, एवढाच निष्कर्ष मी काढला आणि तो खिशात ठेवला.

एवढ्यात होडीखालचं पाणी सरलं. होडी एकदा कण्हली आणि चिखलात बसली. नारबानं कपाळाला हात लावला आणि विडी पेटवली.

“सायब,” सुलोचनानं विचारलं, “ह्यो किडो लाकडात आसा. लाकूड मेलेला. मगे तो माझ्या झाडांका काय करतलो?”

“तुमची किती झाडं आहेत?”

“आडतीस कलमा. घागरीन पाणी घालून वाडवली. औंदा पयल्यांदा आंबो धरलो.”

मी वाळूत बसलो आणि तिला सांगितलं. आत आहे ती अळी. ती आतल्या आत कोष करते. पहिला पाऊस पडला की कोषातून पंखांचा किडा होऊन भोक पाडून बाहेर येतो. मादी जवळचं आंब्याचं झाड शोधते, सालीत चिरा पाडते आणि एकेका चिरेत एकेक अंडं ठेवते. एका मादीची शंभरावर अंडी होतात. वर्षभर झाडावर काही दिसत नाही. दिसतं तेव्हा फांदी वाळलेली असते. तुमचं लाकूड कुठं ठेवणार होतात?

“शेतातल्या मांगराच्या पडवीत,” ती म्हणाली. आणि मग, फार हळू, “कलमांच्या मधोमध आसा मांगर.”

ती उठली. “नारबानू, लाकडा उतरवा.”

“मगे माकाय उतरव,” वरून आवाज आला.

“बाबा, तुमी चला. लाकूड ऱ्हवांदे.”

“लाकूड थंय मी.”

“त्या घरात? वासे आंगार येतले तुमच्या!”

“येवंदेत. सरण हाताशी आसाच.”

नारबा हसला आणि लगेच गप्प झाला, कारण सुलोचना हसली नव्हती. ती होडीच्या काठाला धरून उभी होती.

“आई गेली तेवा मी कायेक बोलाक नाय,” ती म्हणाली. “तासभर तिका वाळूत ठेवलास. तुमी लाकडा उचलतास, बघतास, बाजूक ठेवतास. लोक माझ्या मागे उभे ऱ्हवान बोलत होते, माका ऐकाक येय होता. बायलेच्या सरणातसून स्वताचा वाचवता म्हणान. मी आयकान घेतलंय. सा म्हयने आयकान घेतलंय. आता त्याच लाकडापायी माझी आडतीस झाडा मरांदेत? इतक्या काय सोन्याचा आसा ता?”

तिनं गाठोडं ओढलं. त्यातला वाकस बाहेर आला, लाकूड तासायचं ते वाकड्या पात्याचं हत्यार. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि बुंध्याच्या ओंडक्यासमोर उभी राहिली.

“सायब म्हणता आत किडो आसा. तुमी म्हणतास नाय. फोडून बघतंय.”

“सुलू, फोड नको.”

“कित्याक?”

“आत किडो आसा,” मेस्त्री म्हणाले. “माका म्हायत आसा.”

वाकस तिच्या हातात तसाच राहिला.

“कदीपासून?”

“त्याच दिवसापासून.” त्यांनी तोंडातली विडी काढली आणि तिच्याकडे बघत बोलले, विडीकडे. “झाड वाळला तेवाच वळाखलंय. वरचे फांदे निकोप, बुंधो पोकारलेलो. त्या दिवशी एकेक वाजवन बघितलंय. बद्द वाजला ता बाजूक, खणखणीत वाजला ता तिका. तासभर लागलो, होय. साठ वर्सा लोकांका वाजवन दिलंय, आनि तिच्या आंगाखाली किड्याचा लाकूड घालू?”

नारबा उतरत्या पाण्याकडे बघू लागला. पाण्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

“मगे ह्या?” सुलोचनानं ढिगाकडे हात केला.

“ह्या उरलेला. माका चलता. माझ्यावांगडा किडोय जळान जायत, तेचो हिसोब तो बघीत.”

“बाबा, सांगलास कित्याक नाय? लोक म्हणत होते तेवा?”

“काय सांगू? तुझे आवशीक चांगला दिलंय म्हणान दवंडी पिटू?”

ती खाली बसली, चिखलाला लागूनच. वाकस मांडीवर घेऊन बराच वेळ त्याच्या दांड्यावरून हात फिरवत राहिली. मी दोरापासून बाजूला झालो. होडी आता कुठं जाणार नव्हती आणि मला दुसरीकडे कुठंतरी उभं राहायचं होतं.

मग मेस्त्री ढिगावरून उतरले. एकेक पाय जपून, पण कुणाचा हात न घेता. सरळ माझ्यापाशी आले.

“सायबा, ता मघाशी सांगलंस, ता माका म्हायत नाय. अळी म्हायत आसा. ह्या हातांनी शंभर काडून टाकलंय. पण ती भायर येवन उडता? अळी उडता?”

माझ्या पिशवीत साबणाची डबी होती. तीत कापसावर ठेवलेला एक मेलेला किडा मी शेतकऱ्यांना दाखवायला घेऊन फिरत असे. मी डबी उघडली. बोटाएवढा लांब, राखाडी तपकिरी, पाठीवर फिकट नारिंगी ठिपके आणि अंगाहून लांब मिशा.

मेस्त्रींनी तो तळहातावर घेतला आणि खुदकन हसले.

“ह्यो? ह्यो तर पयल्या पावसात दिव्यार येता! ल्हान झिल होतंव तेवा आमी हेका दोरो बांदून फिरवीत होतंव!”

“तोच.”

“ह्यो नि ती अळी एकच?”

“एकच.”

“ह्योच तिचो बापूस?”

“बापूस, आई, आणि पुढं मुलगासुद्धा.”

त्यानंतर त्यांनी मला जे प्रश्न विचारले तसे माझ्या नोकरीत वरिष्ठांनी कधी विचारले नाहीत. साल कुठली लागते, जुनी की कोवळी? चीर उभी पाडतो की आडवी? अळी खाली खात जाते की वर? काजूवर बसतो का? फणसावर? किती दिवस जगतो? काहींची उत्तरं मला आली. बाकीच्यांना मी ‘बघून सांगतो’ म्हणालो. त्यावर ते म्हणाले, “बघ आनि सांग. सांगतंय म्हणान पळान जाव नको.”

मग त्यांनी सुलोचनाच्या मांडीवरून वाकस उचलला. ओंडक्यावर त्याच्या मागच्या बाजूनं टकटक करत गेले, एका जागी थांबले, दोन बोटं अलीकडे आले आणि एकच घाव घातला. लाकूड सरळ दुभंगलं. आत अंगठ्याएवढी पांढरी अळी, आपल्या बोगद्यात, भुशाची उशी करून पडलेली. उजेड पडला तशी ती जरा आक्रसली. साहेब अचानक तपासणीला आले की आम्ही कचेरीत आक्रसत असू तशी.

मेस्त्री तिच्याकडे बघत राहिले. हातातला किडा आणि समोरची अळी, एकदा इकडे, एकदा तिकडे.

“साठ वर्सा,” ते म्हणाले, “वायट लाकूड म्हणान मी टाकीत इलंय. टाक म्हटलंय की लोक टाकीत.” मग त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. “पण टाकीत खय? चुलीसाठी कोण ना कोण उचलून न्हेय. वरच्या वाडीत. बाजारात. माझ्या मेवण्यान तर बैलगाडी भरान न्हेल्यान, त्या पलीकडच्या गावात...” मोजणारं बोट थांबलं. “झिला, तेतूरसून पण हे उडाले आसतले?”

“काही उडाले असतील,” मी म्हणालो.

खोटं बोलता आलं असतं. पण ज्या माणसानं आत्ताच मुलीला खरं सांगितलं होतं त्याच्यासमोर ते जमेना.

मेस्त्रींनी मान हलवली आणि पंचा कमरेला खोचला. “नारबा, उतरव सगळा. हंयच जाळूया. आताच.”

“आता? मेस्त्रीनू, ह्या तुमचा...”

“माझाच. म्हणान मी सांगतंय.”

दुपारी बारापर्यंत आम्ही चौघांनी सगळं लाकूड वाळूवर आणलं. भरती जिथवर चढते त्या रेषेच्या आत, म्हणजे राख आणि उरलंसुरलं सगळं भरतीचं पाणी घेऊन जाईल. भुसा मी फडक्यानं पुसून घेतला. रचायचं काम मेस्त्रींनी कुणाला करू दिलं नाही. जाड ओंडके खाली, वारा यायला मधे फटी, बारीक वर. एकदा त्यांना एक कोपरा पटला नाही म्हणून तीन ओंडके काढून पुन्हा लावले. मी म्हणालो, “तात्या, किडेच जाळायचेत.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा ओंडका दोन्ही हातांनी, अदबीनं दिला.

“आग कोण देतलो?” नारबानं विचारलं. त्याला खरंच पेच पडला होता. “रीत काय आसा?”

“देणारो मी. घेणारो कोण नाय.”

“मगे सुतक?”

“तुका हौस आसात तर तू पाळ.”

सरण पेटलं. दुपारच्या उन्हात ज्वाळा दिसतच नव्हत्या, नुसती हवा थरथरत होती आणि लाकूड आपोआप काळं पडत चाललं होतं. आतून मधूनमधून बारीक फट्‌फट्‌ आवाज येत होता. मेस्त्री वाऱ्याच्या बाजूला उकिडवे बसले आणि सकाळपासून तोंडात धरलेली विडी त्यांनी त्या विस्तवावर पेटवून घेतली. सुलोचना त्यांच्या शेजारी बसली. एकदा तिनं काहीतरी विचारलं, आणि मला ऐकू आलं ते त्यांचं उत्तर एवढंच: “खणखणीत होता गो. देवळात घालण्यासारख्या.” सुलोचनानं पदर डोळ्यांना लावला. धूर आमच्या बाजूला येत नव्हता.

मी कचेरीला पाठवलेल्या अहवालात लिहिलं, ‘सुमारे आठ मण किडग्रस्त लाकूड संबंधितास परावृत्त करून जागेवर नष्ट केले.’ साहेबांनी शेरा मारला, ‘परावृत्त करण्याची पद्धत कळवावी, म्हणजे इतरांस उपयोगी पडेल.’ मी विचार करून लिहिलं, ‘होडीच्या दोरावर उभे राहणे.’ खरं म्हणजे मी तेवढंच केलं होतं. पुढं तीस वर्षं मी लाकडं अडवली, गाडीतली, ट्रॅक्टरवरची, एकदा एका वरातीतलीही. पण ‘नेऊ नका’ हे वाक्य मी नेहमी दुसरं म्हटलं. पहिलं विचारत असे, ‘कोणासाठी?’ रेवकोंडातली ती अडतीस कलमं माझी बदली झाली तेव्हा छपराएवढी उंच झाली होती, आणि रोज सकाळी त्यांच्या बुंध्यांशी एक म्हातारा भोकातली अळी ओढून काढायचा तारेचा आकडा घेऊन वाकलेला दिसे.

पाच वाजता भरतीनं होडी उचलली. लाकूड नसल्यामुळे ती पाण्यावर एवढी वर आली की नारबानं पेटी मधोमध सरकवून तोल साधला. मेस्त्री पेटीवर बसले. पाणी वाळूवर चढत चाललं होतं. त्याची पहिली लाट निखाऱ्यांना लागली तेव्हा चर्र झालं आणि वाफ उठली. मेस्त्रींनी तिकडे बघितलं, मग मुलीकडे.

“सुलू, आता थंय माका कसल्यार घालतलंस?”

“ता मी बघतंय,” ती म्हणाली. “आवशीचा तुमी निवडलास, तुमचा मी निवडतलंय.”

नारबानं वल्हं टेकवलं. मेस्त्रींनी या गोष्टीचा, एखादा सौदा पारखावा तसा, सगळ्या बाजूंनी विचार केला.

“निवड,” ते म्हणाले. “पण घाई करू नको.”